जिन्यात हरवलेली सम

आमच्या इमारतीचा सुपर डॉमिनिकन आहे. सुपर म्हणजे जिने, बॉयलर, कचरा असं सगळं बघणारा माणूस. इकडे त्याला सगळे सुपरच म्हणतात. शनिवारी सकाळी तो जिना पुसतो आणि पुसताना खिशातल्या फोनवर जुनी साल्साची गाणी लावतो. आम्ही राहतो जर्सी सिटीत, न्यूअर्क अव्हेन्यूवरच्या भारतीय दुकानांपासून चालत पाच मिनिटांवर. त्यामुळे आमच्या जिन्यात फिनाइल, फोडणी आणि ट्रम्पेट ही तिन्ही एकदम असतात. 2022 च्या मार्चमध्ये एकदा कचऱ्याची पिशवी घेऊन उतरताना मी दुसऱ्या मजल्यावर थबकले. गाणं ऐकता ऐकता बोटं सवयीने मांडीवर मात्रा मोजायला लागली होती. आणि सम सापडेना.

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात. पण मी मिरजेची. लहानपणी सात वर्षं तबला शिकले, गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रवेशिका पूर्णपर्यंत दिल्या. पुढे बारावी आली आणि तबला माळ्यावर गेला, तरी मोजायची खोड गेली नाही. वॉशिंग मशीनचीही लय मला कळते. आणि इथे चार-चारचं साधंसुधं वाटणारं गाणं, मी टाळी देते तिथे कोणीच भेटत नाही. बेस माझ्या आधीच येऊन गेलेला, पियानो कुठेतरी अधेमधे. पाहुणी म्हणून एखाद्या घरी जावं आणि सगळे आत्ताच मागच्या दाराने बाहेर पडलेत असं वाटावं, तसं.

सुपरला विचारलं, "याची पहिली मात्रा कुठे?" त्याने मॉपचा दांडा धरला, कंबर जराशी हलवली, दोन पावलं टाकली आणि म्हणाला, "इथे, सेन्योरा." त्याने काय दाखवलं ते मला दिसलंच नाही. तेव्हा मी चव्वेचाळीसची होते. मुलगा कॉलेजला गेलेला, संध्याकाळ रिकामी. आठवडाभराने मी साल्साच्या, म्हणजे त्याच गाण्यांवरच्या जोडीने करायच्या नाचाच्या, क्लासला नाव घातलं.

पहिला क्लास घराजवळचा होता. त्याबद्दल थोडक्यात सांगते, कारण तिथे घालवलेल्या चार महिन्यांबद्दल मला अजून राग आहे. आरसे मोठे, शिकवणारा तरुण, आणि त्याचा "फाइव्ह, सिक्स, सेव्हन, एट" गाण्याहून मोठा. दर आठवड्याला एक नवीन गिरकी. चार महिन्यांत चौदा गिरक्या झाल्या आणि त्यातली एकही गाण्यावर बसत नव्हती, कारण गाणं कोणी ऐकतच नव्हतं. एकदा त्याने चुकून गाणं लावलंच नाही, तरी वर्ग तसाच सुरू राहिला. पंधरा-वीस माणसं निमूटपणे आकड्यांवर फिरत होती. मी तिथून निघाले. आगाऊ भरलेल्या सहा तासांचे पैसे बुडाले ते बुडालेच.

दुसरे शिक्षक ऑफिसातल्या एका बाईमुळे मिळाले. आमच्या अकाउंट्समध्ये एक क्यूबन बाई आहेत, साठी उलटलेल्या, लहानपणी आईवडिलांबरोबर हवाना सोडून आलेल्या. त्यांना मी साल्सा शिकतेय म्हटल्यावर त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "साल्सा? साल्सा पानात वाढतात." पुढे कळलं की हा विनोद त्यांचा नाही. न्यूयॉर्कचा गाजलेला वाद्यवृंदवाला तितो पुएन्तेसुद्धा आयुष्यभर हेच म्हणत आला, की मी वाजवतो ते क्यूबन संगीत, साल्सा हा खायचा पदार्थ. पण बाई मनाने चांगल्या. त्यांनी मला मॅनहॅटनमधल्या एका वर्गाचा पत्ता दिला. "तो पोर्तो रिकन आहे," त्या म्हणाल्या, जणू एवढा एक दोष पोटात घालायला हरकत नव्हती.

जर्नल स्क्वेअरहून पाथ ट्रेन पकडायची, तेहतिसाव्या रस्त्याला उतरायचं, एका जुन्या इमारतीचे तीन जिने चढायचे. शिक्षक ब्रॉंक्समध्ये वाढलेले, टपाल खात्यातून निवृत्त झालेले, पोट सुटलेलं आणि पाय मात्र मांजराचे. पहिले दोन मंगळवार त्यांनी आम्हाला नाचू दिलं नाही. खुर्च्या गोल मांडल्या, रेकॉर्ड लावली आणि सांगितलं, आज फक्त बेस ऐका. बाकी कोणी कितीही बोलावलं तरी जाऊ नका.

हे मला फार ओळखीचं होतं. आमचे तबल्याचे सर असंच नुसतं लेहऱ्यावर, म्हणजे ताल धरून फिरत राहणाऱ्या एकाच सुरावटीवर, बसवून ठेवायचे. मी डोळे मिटले आणि आठ मात्रा धरल्या. बेस येत होता तो अडीचवर आणि चारवर, मग साडेसहावर आणि आठवर. पुन्हा अडीच, चार. एकावर नाहीच. आणि चौथ्या मात्रेवरचा जो सूर तो वाजवत होता तो पुढच्या आवर्तनाचा होता, म्हणजे सम यायच्या आधीच तो समेचं काम उरकून बसलेला. आपल्याकडे याला शब्द आहे: अनागत. समेच्या आधी येणं. आपला तबलजी एखाद्या तिहाईत, म्हणजे तीनदा वाजवायच्या तुकड्यात, अशी गंमत करतो आणि मैफल "वा" म्हणते. इथे बेसवाला सबंध गाणंभर तेच करतो आणि कोणी मानही वळवत नाही. मार्चपासून जिन्यात हरवलेली माझी सम अशी त्या खुर्चीत सापडली. म्हणजे ती हरवली नव्हतीच, फक्त ती मोकळी ठेवायची इथली रीत होती.

दुसऱ्या मंगळवारी कोंगा, हातांनी वाजवायचा उंच ढोल. तळव्याची सणसणीत थाप दोनवर आणि सहावर, आणि चारवर व आठवर लागोपाठ दोन उघडे बोल, "तुम-तुम". त्यानंतर क्लावे. वीतभर लांबीच्या, कठीण लाकडाच्या दोन दांड्या. एक डाव्या हाताच्या ओंजळीत पोकळी ठेवून आडवी धरायची आणि दुसरीने वाजवायची. हवानाच्या गोदीत जहाजं बांधताना वापरायच्या लाकडी खुंट्यांपासून त्या आल्या असं सांगतात. आठ मात्रांत मिळून पाच ठोके. एका अर्ध्यात दोन, दुसऱ्यात तीन. दोनचा भाग आधी असेल तर दोन, तीन, पाच, साडेसहा, आठ. तीनचा आधी असेल तर एक, अडीच, चार, सहा, सात. गाणं एकदा ज्या बाजूने सुरू झालं त्या बाजूनेच शेवटपर्यंत जातं. गाणारा, ट्रम्पेटवाले, पियानो, सगळे त्या पाच ठोक्यांशी जुळवून बोलतात, आणि बहुतेक वेळा त्या दांड्या कोणी वाजवतही नसतं. ठेका बंद, पण प्रत्येकाच्या डोक्यात चालू. कोणी उलट्या बाजूला पडलं तर "क्रुसादो" म्हणतात, आडवा गेला. आणि ते ऐकून जुने लोक कच्ची कैरी चावल्यासारखा चेहरा करतात.

"मग एकावर आहे तरी कोण?" मी विचारलं. पियानो एका फेरीत येतो आणि पुढच्या फेरीत हुलकावणी देतो. कोंगावाल्याचा हात तिथे असतो, पण नुसता टेकलेला. शिक्षकांनी कपाटातून गाईच्या गळ्यातल्यासारखी घंटा काढली. फक्त आत लोलक नव्हता. ही कांपाना. गाणं रंगात आलं की बोंगो वाजवणारा बोंगो खाली ठेवून ही हातात घेतो आणि मग एक, तीन, पाच, सात अगदी लख्ख ऐकू येतात. "हा जिन्याचा कठडा," ते म्हणाले. "तो असताना चढणं सोपं. तुम्ही आधी कठड्याशिवाय चढा."

तिसऱ्या मंगळवारी उभं केलं, आणि माझा सगळा माज उतरला. मोजता येणं आणि पाय टाकता येणं यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही हे मला चव्वेचाळिसाव्या वर्षी कळलं. न्यूयॉर्कच्या पद्धतीत दिशा बदलायची ती दोनवर; म्हणून तिला "ऑन टू" म्हणतात, आणि इथले नाचणारे तिला साल्साही न म्हणता मांबो म्हणतात. बाईने एकावर उजवा पाय नुसता ठेवायचा, गाजावाजा न करता; दोनवर डावा पुढे टाकायचा आणि तिथूनच परत फिरायचं. चारला काही नाही. सहावर तेच उलट्या बाजूने, मागे. आठला काही नाही. कोंगाची थाप पडते तिथेच पाय वळतो आणि "तुम-तुम"च्या वेळी शरीर नुसतं तरंगतं. कागदावर इतकं सरळ. पण माझ्या पायांना समेवर आदळायची जन्माची सवय. दर एकावर मी असा काही पाय आपटायची की शिक्षक एकदा म्हणाले, "सेन्योरा, खालच्या मजल्यावर दातांचा दवाखाना आहे."

या मोजणीचीही एक गोष्ट आहे. 1950 च्या दशकातले जुने मांबोवाले दोन-तीन-चार, सहा-सात-आठ असे पाय टाकत. आणि मोजत बहुधा नसतच, कारण ते कोंगाच ऐकत होते. पुढे एडी तोरेस आला. तोही क्लबात बघून-बघून शिकलेला, तितो पुएन्तेच्या वाद्यवृंदापुढे नाचणारा. जून लाबेर्ता नावाच्या बॉलरूम शिक्षिकेने त्याला त्याचंच नाचणं मोजून दाखवलं, आणि मग त्याने एक-दोन-तीन, पाच-सहा-सात अशी ती पद्धत बसवून हजारोंना शिकवली. आमचे शिक्षक मोजणीला थोडं हसत आणि मोजणीशिवाय शिकवूही शकत नसत. गुरुमुखी विद्या पुस्तकात गेली की असं होतं. भातखंड्यांच्या स्वरलिपीबद्दल मिरजेत मी नेमकं हेच रुसवं-फुगवं ऐकलंय.

त्या वर्षीच्या हिवाळ्यात मी एकदा ब्रॉडवे आणि त्रेपन्नाव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर जाऊन उभी राहिले. इथे पॅलेडियम बॉलरूम होता. आता त्याचं काही उरलेलं नाही. काचा, फिरते दरवाजे, गळ्यात ओळखपत्रं घातलेली माणसं. पण चाळीसच्या दशकाच्या अखेरीपासून 1966 मध्ये बंद होईपर्यंत मांबोचं माहेरघर म्हणजे ही जागा. माचितो, तितो पुएन्ते आणि तितो रोद्रिगेझ या तिघांचे वाद्यवृंद इथे आळीपाळीने वाजत, आणि आपलं नाव पाटीवर कितव्या ओळीत आहे यावरून दोन तितो एकमेकांशी भांडत. माचितोचा मेहुणा मारियो बाउसा हा त्या वाद्यवृंदाचा संगीत दिग्दर्शक. हवानाचं तालांग आणि हार्लेमचे जॅझवाले ब्रास यांचं लग्न त्याने 1940 च्या दशकातच लावून दिलं होतं. नाचणाऱ्यांत पोर्तो रिकन, क्यूबन, काळे, ज्यू, इटालियन सगळे. ज्या काळात अमेरिकेत काळ्या-गोऱ्यांना एका बाकावर बसायची चोरी होती, त्या काळात इथे ते एका फरशीवर होते. क्यूबन पीट म्हणून गाजलेला नर्तक मुळात पोर्तो रिकन, त्याची जोडीदारीण मिली डोने इटालियन. तिथे फुटपाथवर उभी राहून मी हळूच एक-दोन-तीन केलं. कोणी पाहिलं नाही. न्यूयॉर्कमध्ये कोणी पाहत नाही, हा या शहराचा मोठा गुण.

मांबो या शब्दाने मला बराच छळलं, कारण तो एकाच वेळी चार गोष्टींना लावतात. 1938 मध्ये ओरेस्तेस लोपेझने एक दान्सोन बांधला त्याचं नाव मांबो. दान्सोन म्हणजे क्यूबाचा सभ्य, पंख्याने वारा घेत नाचायचा प्रकार. 1879 मध्ये मातान्सास शहरात मिगेल फाइल्देने तो पहिल्यांदा वाजवला असं धरतात. ओरेस्तेस आणि त्याचा भाऊ काचाओ यांनी त्याच्या शेवटच्या भागात आडलयीची गंमत घातली. दहा वर्षांनी पेरेझ प्रादो नावाचा मातान्सासचाच पियानोवाला मेक्सिकोला गेला आणि मोठ्या ब्रास बँडवर, मध्येच हुंकार टाकत, त्याच नावाने जगभर धुमाकूळ घातला. तिसरा अर्थ पॅलेडियमचा नाच. आणि चौथा म्हणजे बहुतेक साल्सा गाण्यांत आलापी संपून ट्रम्पेट-ट्रॉम्बोन एकमेकांवर चढाई करतात तो तुकडा. वर्गात कोणी "मांबो" म्हटलं की मी आधी विचारायची, यातला कुठला?

फेब्रुवारीत अकाउंट्सच्या बाई मला युनियन सिटीला घेऊन गेल्या. हडसनच्या आमच्याच काठावरचं गाव. क्यूबा सोडून आलेले इतके लोक तिथे राहिले की त्याला हडसनवरचं हवाना म्हणत. जिटनीने, म्हणजे आपल्या वडापसारख्या छोट्या बसने, बर्गनलाइन अव्हेन्यूवर उतरलो. खिडकीतून मिळणारी गोड, दाट कॉफी घेतली आणि क्यूबन गायिका सेलिया क्रुझच्या नावाच्या छोट्याशा बागेत उभ्या उभ्या प्यायलो. सेलिया 1960 मध्ये क्यूबातून बाहेर पडली. आई वारली तेव्हाही तिला परत जाऊ दिलं नाही. 2003 मध्ये ती गेली ती इथून जवळच, फोर्ट लीला. बाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, त्यांच्या आईची कबरही इकडेच आहे आणि आजीची तिकडे.

त्यानंतर मी त्यांच्याशी नावावरून वाद घालणं सोडलं. त्यांचं म्हणणं असं: हा आमचा सोन आहे. क्यूबाच्या पूर्वेकडच्या डोंगराळ भागातला, तीन जोडतारांच्या, गिटारीसारख्या त्रेसवर आणि बोंगोवर वाजणारा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो हवानात आला, आणि आर्सेनियो रोद्रिगेझ नावाच्या अंध त्रेसवादकाने त्यात कोंगा, पियानो आणि जास्तीचे ट्रम्पेट घालून तो आजच्या रूपाला आणला. तुम्ही न्यूयॉर्कवाल्यांनी फक्त लेबल बदललं. शिक्षकांना हे सांगितल्यावर ते हसले. "क्यूबात क्रांती झाली, 1962 मध्ये अमेरिकेची व्यापारबंदी लागली, हवानाहून नवीन काही येणं बंद झालं. मग इथे कोणी वाजवायचं? आम्ही वाजवलं." 1964 मध्ये जॉनी पाचेको या डॉमिनिकन बासरीवाल्याने जेरी मासूची या वकिलाबरोबर फानिया रेकॉर्ड्स काढली, सुरुवातीला म्हणे मोटारीच्या डिकीतून रेकॉर्डी विकल्या. विली कोलोनचे खरखरीत ट्रॉम्बोन, एक्तोर लावोचा तो नाकातून येणारा आवाज, पुढे रुबेन ब्लेड्सची गोष्ट सांगणारी गाणी. ब्रॉंक्स जळत होतं त्या काळातलं हे संगीत. मूळ क्यूबाचं, मालक कोणीही असो, आणि भाडं पोर्तो रिकन पोरांनी भरलेलं. मला दोघांचंही पटतं. दोघांना हे मी सांगत नाही.

एक दुवा मात्र माझा स्वतःचा. फोनवर आईला या सगळ्याचं वर्णन करत होते, तर मिरजेहून ती एकदम "गोरे गोरे, ओ बांके छोरे" म्हणायला लागली. "असलंच ना काहीतरी?" असलंच. 'समाधी'मधलं, 1950 चं, सी. रामचंद्रांचं, आपल्या पुणतांब्याच्या चितळकरांचं. ती चाल 1945 च्या एका हॉलिवूडपटातल्या, कार्मेन मिरांडाने गायलेल्या पोर्तो रिकोवरच्या गाण्यावरून घेतलेली. मी ते शिक्षकांना गाऊन दाखवलं. चाल त्यांनी लगेच ओळखली आणि कपाळाला हात लावला. पोर्तुगालमध्ये जन्मलेली ब्राझिलियन बाई, अमेरिकन लोकांनी रचलेलं गाणं, विषय पोर्तो रिको, आणि ते मुंबईत! मग म्हणाले, पुन्हा म्हणा. दुसऱ्यांदा त्यांनी टेबलावर क्लावे धरला आणि मला मुद्दाम एकावर येऊ दिलं नाही. मी तीनदा पडले.

माणसांना सांगण्यासारखी सगळ्यात मोठी अडचण पायांची नव्हती, हातांची होती. परक्या पुरुषाचा तळवा पाठीवर, आपला हात त्याच्या हातात, आणि तो नेईल तिकडे जायचं. आमच्या घरात वडिलांनीही कधी आईचा हात चारचौघांत धरला नाही. कोणीही येऊन नाचावं अशा पहिल्या खुल्या रात्री मी इतकी ताठ होते की एका आजोबांनी विचारलं, थंडी वाजतेय का. त्याहून वाईट खोड म्हणजे पुढचं ओळखायची. तो गिरकी देणार हे कळलं की मी त्याच्या आधीच फिरून मोकळी. शिक्षक म्हणायचे, वाक्य त्याला पूर्ण तरी करू द्या. आमचे हे एकदा बघायला आले, दोन तास कोपऱ्यात कोट सांभाळत बसले आणि परतीच्या गाडीत एवढंच म्हणाले, "तो निळ्या शर्टवाला बरा नाचतो. बाकीचे तुझ्या पायांवर डोळा ठेवून होते, जिवाच्या भीतीने." स्वेडच्या तळव्याचे बूट घेतल्यावर थोडं सुधारलं. रबरी तळ फरशी सोडत नाही आणि गुडघा पिरगळतो. हे पहिल्या क्लासात कोणीच सांगितलं नव्हतं.

उन्हाळ्यात शिक्षकांनी आम्हाला ऐकायला बाहेर काढलं. पूर्व हार्लेममधला एकशे दहावा रस्ता, जिथे आता तितो पुएन्तेच्या नावाची पाटी आहे. ब्रॉंक्समधलं कासा आमादेओ हे रेकॉर्डींचं दुकान, 1941 पासून त्याच जागी. ऑर्चर्ड बीचवर रविवारी दुपारी घामाघूम होऊन नाचणारी सत्तरीतली जोडपी. पण मी अडकले ते सेंट्रल पार्कात. उन्हाळ्यात रविवारी तळ्याकाठी तिथे रुंबा जमतो.

हा रुंबा म्हणजे हॉटेलांतला गुळगुळीत प्रकार नव्हे. हवाना आणि मातान्सासच्या बंदरांवर, वाड्यांच्या अंगणांत तो वाढला. ढोल नसायचे तेव्हा मासळीच्या आणि मेणबत्त्यांच्या खोक्यांवर वाजवत. उसाच्या मळ्यांसाठी आफ्रिकेतून धरून आणलेल्या लोकांच्या लेकरांचं हे संगीत. क्यूबात गुलामी कायद्याने संपली ती 1886 मध्ये. तीन ढोल, क्लावे, एक गाणारा आणि बाकी सगळे झीलकरी. पोवाड्यात शाहिरामागे "जी जी" धरतात ना, तसाच गाणारा ओळ टाकतो आणि कोरस तीच ती ओळ परत देतो. साल्सा गाण्याच्या उत्तरार्धातही हेच चालतं. मध्येच कोणी चांगो, येमाया अशी नावं घेतं. हे पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबा लोकांचे देव. मळ्यांवर त्यांना उघड भजता येत नव्हतं, म्हणून चांगोला संत बार्बराच्या तसबिरीत ठेवलं आणि येमायाला रेग्लाच्या मारियेत. मीरासाहेबांच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या पुण्यतिथीला जमणाऱ्या गावाला हे फार समजावून सांगावं लागत नाही.

पहिल्या रविवारी मी कडेला उभी राहून टाळ्या धरल्या. वर्षभर घोकलेला क्लावे, बिनचूक. दोन मिनिटांत टोपीवाल्या एका म्हाताऱ्याने येऊन माझे दोन्ही हात धरले आणि थांबवले. रागाने नाही, आपण गॅस बंद करतो तसे. मग त्याने स्वतः वाजवून दाखवला. मी शिकले होते तो सोनचा क्लावे. रुंब्यात तिसरा ठोका चारवर पडत नाही, साडेचारवर पडतो. अर्धी मात्रा. बस्स, एवढंच. पण त्या अर्ध्या मात्रेने तो ठोका असा काही मागे झुकतो की पुढचे दोन सांभाळायला धावत जावं लागतं, आणि समोर नाचणाऱ्या बाईची कंबर नेमकी तिथेच वळत होती. ग्वाग्वांको, म्हणजे रुंब्यातला जोडीचा नाच, चालला होता. पुरुष कोंबड्यासारखा दबा धरून फिरतो, अचानक पायाने किंवा रुमालाने झडप घालतो. तिने ती आधीच हेरून घागऱ्याने झाकायची. वर्षभर मला सांगत होते ना, आधी फिरू नका? इथे ओळखण्यावरच सगळा खेळ होता.

घरी येऊन माळ्यावरचा तबला नव्हे, पण स्वयंपाकघरातली दोन लाटणी काढली. रोज कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत एक, अडीच, साडेचार, सहा, सात. ह्यांनी दोन दिवस सोसलं आणि तिसऱ्या दिवशी जेवण बाहेरून मागवूया का म्हणाले. शनिवारी जिन्यात सुपर भेटला, त्याचं गाणं चालू होतं. मी पायरीवरच क्लावे टाळीने दिला. त्याने मॉप थांबवला, दोन पावलं टाकली. या वेळी मला दिसलं, त्याचा पाय कुठे वळला ते: दोनवर, थापेच्या खाली. "कोणी शिकवलं तुम्हाला दोनवर?" मी विचारलं. त्याला प्रश्नच कळला नाही.

पुढचा सबंध उन्हाळा मी रविवारी पार्कात जात राहिले. टाळी हळूच, बाहेरच्या रांगेत. सप्टेंबरच्या शेवटी, पानं पिवळी पडायला लागलेली, लोक कमी, तेव्हा क्लावे वाजवणाऱ्याला फोन आला आणि त्या टोपीवाल्या म्हाताऱ्याने काही न बोलता त्या दोन दांड्या माझ्या हातात ठेवल्या. लाकूड घामाने गुळगुळीत झालेलं. डावी ओंजळ केली, पोकळी धरली, सुरू केलं. पहिली काही आवर्तनं ठीक गेली. मग ढोलवाल्याने आड धरलं, माझं लक्ष तिकडे गेलं, आणि तिसरा ठोका अर्ध्या मात्रेने घरी परतला, चारवर. म्हाताऱ्याने हात पुढे केला. मी दांड्या दिल्या. त्याने त्या शेजारच्या नऊ-दहा वर्षांच्या मुलीला दिल्या. ती एका हाताने आइस्क्रीम खात होती. ते तिने मला धरायला दिलं.